आता तुझं नाव पूर्ण लिहावं लागतं

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे तुला मध्ये तोंड घालायला जागा उरणार नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी सकाळी सव्वासातला, चाकणच्या आपल्या गिअरच्या कंपनीत, मशीन शॉपच्या काचेच्या केबिनमध्ये बसून मी काळ्या पडद्यावर ‘पूस’ एवढंच लिहिलं आणि एंटर दाबला. पुढे मशीनचा नंबर लिहायचा होता. तो लिहिला नाही. चौदा मशीनच्या पोटातलं सगळं गेलं. पडद्यावर एक ओळ उमटली, ‘पुसलं.’ तुझ्या हत्याराला बोलायची हौस कधी नव्हतीच.

आणि ही बया त्या वेळी काय करत होती? ही बया पडद्याकडे बघतच नव्हती. चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई, टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास. न बघता टाइप करता येतं याचा तिला इतका माज, की बोटं चालू असताना मान मुद्दाम खिडकीकडे वळवायची. त्या दिवशी खिडकीबाहेर कँटीनवाला वडे तळत होता. मी वड्यांकडे बघत बघत चौदा मशीनं पुसली आणि मग उठून वडा खायला गेले. दोन खाल्ले. हा किस्सा माझ्या नातीला कुणी सांगितला देव जाणे, पण आजही ती माझ्यापुढे वड्याची बशी ठेवते आणि विचारते, “आजी, आधी सेव्ह केलंस ना?”

तुला अरे-तुरे करतेय हे एव्हाना लक्षात आलं असेल. सत्तावीस वर्षं ‘केळशीकरसाहेब, तुम्ही’ म्हणत आले. वयाने तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी साहेब तू आणि बाई मी. आता तुला जाऊन महिना होत आला. आता मी तुला तूच म्हणणार आणि तू काही करू शकत नाहीस. हा पहिला टोला. बाकीचे पुढे येतायत.

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना कळायला हवं, म्हणून थोडं सांगते. आपल्या शॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी चौदा मशीनं होती. कुठे किती कापायचं हे सांगणारा प्रोग्रॅम केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून तारेने मशीनकडे जायचा. तो पाठवणारं हत्यार तू स्वतः लिहिलेलं. त्यात माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर शब्द लिहायचा आणि एंटर दाबायचा. शब्द तीनच. इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, पण मराठी: ‘पाठव’, ‘घे’ आणि ‘पूस’. ‘पाठव’ म्हटलं की प्रोग्रॅम मशीनला जायचा. ‘घे’ म्हटलं की ऑपरेटरनी मशीनपाशी उभं राहून, माप तपासून तपासून केलेली करेक्शनं आपल्याकडे परत यायची. ‘पूस’ म्हटलं की मशीनचं पोट रिकामं, नव्या जॉबसाठी.

आता गंमत बघा. नुसतं ‘पाठव’ लिहिलं, नंबर विसरलात, तर हत्यार विचारायचं, ‘कुठल्या मशीनला?’ नुसतं ‘घे’ लिहिलं तरी विचारायचं. आणि नुसतं ‘पूस’ लिहिलं तर? तर विचारायचं नाही. सगळी चौदा पुसायचं.

का? तर दर सोमवारी नवी बॅच लागायची, तेव्हा तुला चौदाच्या चौदा रिकामी करायची असायची, आणि चौदा आकडे लिहायचा साहेबांना कंटाळा. एवढंच कारण. तुझी आठवड्यातून एकदा वाचणारी अर्ध्या मिनिटाची मेहनत एका पारड्यात, आणि केबिनमध्ये बसणाऱ्या प्रत्येक नवख्या माणसाची नोकरी दुसऱ्यात. तुझं पारडं जड भरलं.

मला वाटलं होतं, बाकीचे दोन शब्द विचारतात तसं हेही विचारेल. यात वेडेपणा कुठे आहे, हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. वडे सोडून.

त्या शुक्रवारी चार दिवसांची करेक्शनं गेली. बॅच अर्ध्यात, मशीनं गप्प. मॅनेजर धावत आले, मागोमाग तू आलास. माझ्या हाताला अजून वड्याचं तेल होतं. तू वाकून पडदा वाचलास, चष्मा वर केलास आणि सगळ्या शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, “सर, हत्यार बरोबर आहे. हात चुकीचा आहे.”

तुझ्या बोलण्यात कधी फापटपसारा नसायचा. सात शब्दांत मला संपवलंस.

आपला बबनराव तेवढा पुढे आला. निघोजे गावचा, चार मशीनं सांभाळणारा ऑपरेटर. मला म्हणाला, “बाई, रडू नगा. माजी चार मशीनं माज्या खडूत हायत.” खरंच होती. मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला तो सगळी करेक्शनं खडूने लिहून ठेवायचा, कॉम्प्युटरवर त्याचा विश्वास नव्हता म्हणून. चार मशीनं त्या खडूवर दुपारपर्यंत उभी राहिली. उरलेल्या दहांना दीड दिवस लागला.

मला काढलं नाही. गेटपासच्या खिडकीत बसवलं. ट्रक आला, नंबर लिही. ट्रक गेला, नंबर लिही. सहा वर्षं. आणि नाव पडलं ‘पुसबाई’. कँटीनमध्ये मी ताट घेऊन आले की कुणीतरी म्हणायचंच, “पुसबाई आल्या रे, ताटं सांभाळा.” माझं खरं नाव मालन आहे हे नव्या पोरांना माहीतसुद्धा नव्हतं. एकदा एक ट्रकवाला खिडकीत डोकं घालून अगदी आदराने म्हणाला, “पुसताई, सही द्या.” त्याला वाटलं, माझं आडनाव आहे.

मी हसले त्या दिवशी. घरी जाऊन रडले आणि मनाशी ठरवलं, की ती एक ओळ मी बदलणार. तुझ्या हत्यारातली ती ओळ, जी नंबर नसला की ‘सगळी’ असं समजते. कधी, कशी, ते माहीत नव्हतं. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम मी तोवर आतून पाहिलेलाही नव्हता. पण सूड घ्यायचा तर शिकावं लागणार, एवढी अक्कल आली होती.

कंपनीची बस आपल्या दोघांची एकच, चिंचवड स्टेशनवरून सुटणारी. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मी, पलीकडच्या खिडकीशी तू. पहिले पंधरा दिवस मी तोंड फिरवून बसले. मग भोसरीच्या पुढे एकदा राहवलं नाही.

“साहेब, त्या पडद्याने एकदा विचारलं असतं, तर त्याचं तोंड दुखलं असतं का?”

“बाई, आज एकदा विचारेल, उद्या शंभरदा विचारेल. शंभराव्या वेळी तुम्ही न वाचता ‘हो’ म्हणाल.”

“मी न वाचता कशालाच हो म्हणत नाही.”

“लग्नाला?”

ड्रायव्हर एवढा हसला की मोशीच्या जॅममध्ये गाडी बंद पडली. मी रागाने लाल. पण खरं सांगू? घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा मलाही हसू आलं. तू वाईट माणूस होतास, पण कंटाळवाणा नव्हतास.

त्या बसमध्ये आपण किती वर्षं भांडलो! तुझं म्हणणं, हत्यार हे कारागिराचं असतं. ज्याला येतं त्याच्या हाताला ते अडवणारं नको. सुरीने भाजी कापताना सुरी विचारते का, नक्की का म्हणून? माझं म्हणणं, सुरी एका वेळी एकच बोट कापते, चौदा नाही. तू म्हणायचास, नवखा माणूस चार दिवस नवखा असतो, पुढे वीस वर्षं जाणता असतो. मग चार दिवसांसाठी वीस वर्षं त्रास का सोसायचा? मी म्हणायचे, त्या चार दिवसांत तो गेटपासच्या खिडकीत जातो साहेब, वीस वर्षांपर्यंत पोचतोच कुठे?

यावर तू विचारायचास, आज डब्यात काय.

पण एकदा तू मला गप्प केलंस, ते मान्य करते. बबनरावाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. आपल्याकडे येण्याआधी तो दुसरीकडे पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होता. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांनी एकदम दाबायची, म्हणजे एकही हात साच्याखाली राहू नये. तिथली बटणं कुणी शहाण्याने इतकी लांब लांब बसवली होती की दिवसभर हात ताणून खांदे भरून यायचे. म्हणून एका बटणावर सगळेच सायकलची ट्यूब बांधायचे. ट्यूब बांधली की ते बटण कायम दाबलेलं, दुसरं एका हाताने दाबायचं. बबनरावानेही बांधली.

तू म्हणालास, “बाई, त्याची बोटं बटण नव्हतं म्हणून गेली नाहीत. बटण होतं. ते वैताग देणारं होतं. राखणदार वैताग द्यायला लागला की माणूस राखणदारालाच बांधून टाकतो.”

चाकणला उतरताना म्हणाले, “मग बटण जवळ बसवायचं, साहेब. काढून टाकायचं नाही.”

तू उतरलास आणि मागे वळून न बघता म्हणालास, “बरं बोलता.” सत्तावीस वर्षांत तुझ्याकडून मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी. बाकीचा हिशेब मला पाठ आहे. त्यात शाबासकी नाही.

सहा वर्षांनी तू मला गेटवरून परत बोलावलंस. का बोलावलंस तेही सगळ्यांसमोर सांगितलंस: “मला पुसायला घाबरणारं माणूस पाहिजे. बाईंच्या इतकं घाबरणारं कंपनीत कुणी नाही.” माझ्यावर उपकार करतानाही तुला थोबाडीत मारल्याशिवाय राहवत नव्हतं. पण परत बोलावलंस. प्रोग्रॅम वाचायला तूच शिकवलंस, बसच्या त्याच सीटवर, गुडघ्यावर वही ठेवून. चुकले की तुझी पेन्सिल वहीवर दोनदा टकटक करायची, तोंडातून शब्द नाही. त्या टकटकीने मी जेवढं शिकले तेवढं शाळेत शिकले नव्हते. हे ऋण आहे. ते मी नाकारत नाही. पण ऋण वेगळं आणि सूड वेगळा, दोन्ही एका पिशवीत घालायची मला सवय नाही.

मी आल्या आल्या पहिलं काय केलं, तर रोज संध्याकाळी सगळ्या मशीनची एक नक्कल काढून वेगळ्या जागी ठेवायला सुरुवात केली. त्या जागेला नाव दिलं ‘माळा’. घरात नको ते, पण टाकवत नाही ते जिथे जातं, तो माळा. तू हसलास. “बायकांची सवय,” म्हणालास. हत्यारातलं बाकी काहीही बदलायची मला मुभा होती. तारीख मराठीत दाखवायची? दाखव. पडद्याचा रंग हिरवा? कर. त्या एका ओळीला मात्र हात लावायचा नाही. मी विचारलं की तू म्हणायचास, “मी गेल्यावर.”

तर ते ‘मी गेल्यावर’ आलं.

कंपनीने पुढे मोठी नवी सिस्टिम आणली. पण मागच्या शेडमधली अकरा जुनी मशीनं अजून तुझ्याच हत्यारावर चालतात, कारण ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. आपण दोघं रिटायर झालो तरी त्यांची देखरेख तुझ्याकडे राहिली, आणि तुझ्याकडे म्हणून माझ्याकडे. दर गुरुवारी सकाळी तुझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर शेडशी नेटवरून जोडलेला लॅपटॉप, सुधावहिनींचे पोहे, आणि तेच भांडण. शेडमध्ये आता बबनरावाची मुलगी सारिका ऑपरेटर आहे. बापासारखीच दाराच्या आत खडूने लिहिते.

मग गेल्या हिवाळ्यात तुला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मी टाइप करते म्हटलं तर ऐकेनास. डाव्या हाताने, एका बोटाने, अक्षर शोधून शोधून लिहायचास. चाळीस वर्षांचा कारागीर परत बालवाडीत. मी पोहे खात बघत बसायचे. माझ्या मनात काय चाललं होतं ते आता सांगते. मी वाट बघत होते.

आणि तो गुरुवार आला. तुला नऊ नंबर पुसायचं होतं. ‘पूस’ लिहिलंस, आणि नवाच्या आकड्याकडे जाताना तुझा अंगठा एंटरवर पडला.

‘पुसलं.’

शेडमधली अकराच्या अकरा मशीनं. तुझं हत्यार, तुझाच हात.

तू पडद्याकडे बघत राहिलास. सुधावहिनी आत कढई घासत होत्या. मी सत्तावीस वर्षं तयार केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं: ‘साहेब, हत्यार बरोबर आहे.’ पुढचं तू मनात पुरं केलं असतंस. तुझा डावा हात अजून एंटरवरच होता. मी ते वाक्य बोलले नाही. लॅपटॉप माझ्याकडे ओढला, माळ्यावरून कालची नक्कल काढली आणि अकराही मशीनं परत भरली. दहा मिनिटं लागली. सारिकाला फोन करून मशीनं चालू करायला सांगितलं. काय झालं होतं ते तिला कळलंसुद्धा नाही.

मग मी तुझ्याकडे बघितलं. मला फार काही नको होतं रे. ‘चुकलं माझं, बाई.’ चार अक्षरं कमी बोललास तरी चाललं असतं. नुसतं ‘बाई’ म्हणून थांबला असतास तरी मी पुढचं ऐकलं असतं.

तू चष्मा वर केलास आणि म्हणालास, “बघितलंत? परत आणता येतं. मग विचारायचं कशाला?”

माझा माळा! माझ्या भीतीने बांधलेला माझा माळा घेऊन तू तुझाच मुद्दा सिद्ध केलास! मी उठले. पोह्यांची बशी अर्धी तशीच टाकली. दारात म्हणाले, “पुढच्या गुरुवारी येणार नाही.” नाहीच आले. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. आणि त्यानंतरच्या मंगळवारी तू गेलास.

वहिनी नंतर म्हणाल्या, दोन्ही गुरुवारी तू पोहे जास्त टाकायला लावलेस. हे ऐकून मला काय झालं ते तुला सांगणार नाही. ते माझं आहे.

दहाव्याला पवनेच्या घाटावर आम्ही सगळे उभे. पिंड मांडलेला, कावळा समोरच्या खांबावर, आणि खाली यायचं नाव नाही. तुझा मुलगा म्हणाला, “बाबा, आईला एकटं ठेवणार नाही.” कावळ्याने मान फिरवली. तुझा कोकणातला भाऊ म्हणाला, “दादा, घराचं सगळं बघेन.” कावळा पंख साफ करत बसला. अर्धा तास झाला. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, ते घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा वहिनी माझ्याकडे वळल्या. “बाई, तुम्ही काही म्हणता का? त्यांचा जीव त्या चाकणच्या मशिनींत.”

मी पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “साहेब, तुमच्या त्या ओळीला मी हात लावणार नाही.”

अरे, काय झेप घेतलीन त्याने! गुरुजी म्हणाले, “झालं, शिवला.” भावाने डोळे पुसले. वहिनींनी माझा हात धरला.

त्याच दुपारी वहिनींनी लॅपटॉप माझ्या हातात दिला, “मला तो बघवत नाही,” म्हणाल्या. मी घरी आले, पाय धुतले, आणि ती ओळ बदलली. होय, खोटं बोलले. कावळ्याशी बोलले, तुझ्याशी बोलले. सत्तावीस वर्षं पडद्यावर तुझी ‘पुसलं’ ही एक ओळ वाचली. तू माझं एक खोटं ऐकायला काय हरकत आहे? आता कावळा परत पाठवायची सोय तुझ्या हत्यारात असेल तर बघ.

पण ऐक, सूड मी नीट घेतला, घाईने नाही. पहिल्या झटक्यात मी त्याला सगळंच विचारायला लावलं होतं. एक मशीन पुसायचं? नक्की का? खरंच का? ‘घे’ केलंत का? मग स्वतःच चाचणी करायला बसले. पहिल्यांदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं, की मी खिडकीतून खालच्या भाजीवालीकडे बघत ‘हो, हो, हो’ टाइप करतेय. सदुसष्ट वर्षांची म्हातारी, आणि ती वड्यांकडे बघणारी बया आत जिवंत. तुझी पेन्सिल दोनदा वाजल्यासारखी वाटली. ते सगळं खोडलं. नंबर देऊन एक मशीन पुसणाऱ्याला आता काही विचारत नाही. जाणत्याचा हात अडवायचा नाही, हे तुझं तुला दिलं.

नुसतं ‘पूस’ म्हटलं मात्र, की आता ते थांबतं आणि विचारतं, ‘काय पुसू?’ एवढंच. पाठव आणि घे विचारतात तसंच. बटण जवळ बसवलं, बघ.

आणि ज्याला सोमवारी सगळी मशीनं एका दमात पुसायचीच आहेत, त्या जाणत्यासाठीही सोय ठेवली. त्याने ‘पूस’च्या पुढे तुझं नाव लिहायचं. पूर्ण. यशवंत त्र्यंबक केळशीकर, इंग्रजीत, एका दमात, मध्ये जागा न सोडता. पंचवीस अक्षरं होतात, मी मोजली. एक चुकलं की परत पहिल्यापासून. चौदा आकडे लिहायचा ज्याला कंटाळा, त्याचंच नाव आता त्या शेडमधलं सर्वांत लांबलचक टायपिंग आहे. दर सोमवारी कुणीतरी दात-ओठ खात तुझं नाव लिहिणार आणि त्र्यंबकापाशी अडखळून तुला शिव्या घालणार. त्या शिव्या मी सत्तावीस वर्षं एकटीने घातल्या. आता माणसं वाढली.

याला कुणी स्मारक म्हणो. मी सूडच म्हणते.

हे सगळं शेडमध्ये चालू करून मी पंधरा दिवस गप्प बसले. रोज वाटायचं, फोन करावा. केला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, “बाई, लोकांना वापरू द्या, मग बोला.” असं तू खरंच एकदा म्हणाला होतास, माझा हिरवा पडदा पाहून.

काल सारिकाचाच फोन आला. आधी बबनरावाच्या गुडघ्याचं सांगितलं, मग शिफ्ट बदलल्याचं. मग मीच विचारलं, “काय गं, साहेबांचं नाव लिहायला जमतंय ना सगळ्यांना?” तिकडे शेडचा आवाज, मशीनची घरघर. मग जे म्हणाली ते शब्दाला शब्द ठेवून लिहिते. तुला हे कळायला हवं म्हणूनच आज लिहायला बसले. यात तू जिंकलास की मी, ते तूच ठरव, मला आता पडद्याकडे बघून टाइप करायचंय. ती म्हणाली:

“काकू, रागावू नगा, पर साहेबांचं नाव लई लांब हाय. सोमवारच्या घाईत कुणाला जमंना, म्हणून आमी त्याच्यावर ट्यूब बांधली, दोन अक्षरं दाबली की आख्खं नाव आपसूक उमटतं असं बसवलं. पर तुमच्या त्या एकट्या ‘पूस’ला कुणी हात न्हाई लावला हां. परवा माजा नंबर टाकायचा ऱ्हायला, तर त्यानं मला ‘काय पुसू?’ इचारलं. न्हाईतर काकू, मी बी पुसबाई झाले असते.”